घरात जन्मलेली

सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि हॉलमधली माणसं हसली. मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. माझ्या हातात शेंगापोळीचं ताट होतं. ते मी तिपाईवर ठेवलं आणि हात जोडले.

हे आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त हेच सलतं. बोट त्यांनी दाखवलं. हसले ते लोक. पण हात मी जोडले.

सर म्हणजे कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. बायको वारली, मुलगा परदेशात. सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांच्या वडिलांनी बांधलेला बंगला. वडील मोठे वकील होते. त्या बंगल्यात आता दोनच माणसं उरली होती. पुढं सर, मागं मी.

सरांना शब्दांचा नाद. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडं ओळखीची माणसं जमायची. दवाखानेवाले डॉक्टर, बँकेतले साहेब, मास्तर लोक. सर इंग्रजीतला एखादा अवघड शब्द घ्यायचे आणि तो कुठून निघाला ते उलगडून सांगायचे. बरेचसे शब्द लॅटिन नावाच्या भाषेतून आलेले असत. ती भाषा आता कुणी घरात बोलत नाही, असं सर सांगायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. इंग्रजी कळायचं नाही, पण सर मधूनमधून मराठीत बोलत. एकदा त्यांनी सांगितलं होतं, तापात बरळण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नांगर तासातून बाहेर जाणं. ते मला लई आवडलं होतं. पटलंही होतं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी तेच घोळवत होते.

त्या रविवारचा शब्द होता व्हर्नाक्युलर. सर बराच वेळ इंग्रजीत बोलले. मग मी ताट घेऊन आत गेले, तेव्हा थांबले आणि मराठीत म्हणाले,

"आणि याचं जिवंत उदाहरण आपल्या घरातच आहे. ही बघा, आमची बारकी. मागच्या खोलीत जन्मली, याच घरात वाढली. शंभर टक्के व्हर्ना."

टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "सर, नशीबवान आहात. आता अशी माणसं मिळत नाहीत."

मला वाटलं, सरांनी चार लोकांत माझं नाव घेतलं. सत्तरी उलटून गेल्यावर का होईना, कौतुक केलं. मी पदर सारखा केला. हात जोडले. आत आले तर डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं पाणी होतं ते.

चहा झाल्यावर एक तरुण बाई आपला कप आपणच घेऊन स्वयंपाकघरात आली. बाकीचे कप जिथल्या तिथं ठेवून जातात. ही सरांच्या जुन्या कॉलेजात नव्यानं शिकवायला लागली होती. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या घरातली. वडील यंत्रमागावर काम करायचे, हे तिनंच मागं एकदा सांगितलं होतं. कप विसळायला लागली. मी म्हटलं, ठेव बाई. ती ठेवेना.

"मावशी," ती म्हणाली, "सर काय म्हणाले ते कळलं का तुम्हाला?"

"कळलं की. माझं उदाहरण दिलं."

"कशाचं उदाहरण?"

तिनं नळ बंद केला. दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं. लॅटिन बोलणाऱ्या लोकांकडं गुलाम असायचे. काही बाजारातून विकत आणलेले. काही लढाईत धरून आणलेले. आणि काही घरातच जन्मलेले, गुलाम बाईच्या पोटी, मालकाच्या छपराखाली. त्या घरात जन्मलेल्या गुलामाला म्हणायचे व्हर्ना.

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही. त्यावरून तो इंग्रजी शब्द झाला. घरच्या गुलामाचं ते व्हर्नाक्युलर. पुढं गावठी, देशी, असा अर्थ झाला. इंग्रज इकडं आल्यावर त्यांनी आपल्या भाषांना तोच शब्द लावला. मराठीला, तेलुगूला, सगळ्यांना."

मी म्हटलं, म्हणजे मराठी बोलणारे सगळेच त्यात आले की.

"आले," ती म्हणाली.

पण बोट माझ्याकडंच झालं होतं.

मी तिला विचारलं, त्या घरात जन्मलेल्यांना कसं वागवायचे. ती सांगायला तयार नव्हती. मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाली, विकत आणलेल्यांपेक्षा बरं वागवायचे. लाडके असायचे ते. मालकाच्या पोरांबरोबर खेळायचे. थोडं फटकळ बोलले तरी मालक हसून सोडून द्यायचा. घरचेच मानायचे त्यांना.

ती गेली. मी चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढंच, खाली बसून राहिले. ती एकेक गोष्ट सांगत होती आणि मला वाटत होतं, ही माझ्याबद्दल कुणाला विचारून आली काय. घरचेच मानायचे. जन्मभर हे दोन शब्द मी मिरवले.

माझी आई सांगोल्याच्या पलीकडची. मेंढरं राखणारी माणसं. बाप मी पोटात असताना तापानं गेला. सासरच्यांनी आईला ठेवून घेतलं नाही. कुणाच्या तरी ओळखीनं ती सोलापुरात वकीलसाहेबांकडं धुण्याभांड्याला आली. मोरीशेजारी एक खोली होती, लाकडं ठेवायची. लाकडं बाहेर काढली, आई आत गेली. तिथं मी जन्मले. सर माझ्याहून काही महिन्यांनी मोठे. पुढच्या खोलीत पाळण्यात होते.

आईनं माझं नाव तिच्या आईवरून ठेवलं. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी घोटाळा लक्षात आला. तेच नाव वकीलसाहेबांच्या आईचं होतं. आता मोलकरणीच्या पोरीला त्या नावानं हाक कशी मारायची. राख उचल, उष्टं काढ, असं म्हातारीच्या नावानं कसं ओरडायचं. घरातल्या सुनांना तर ते नाव तोंडातूनही काढता येत नव्हतं. म्हणून घरानं मला बारकी म्हणायचं ठरवलं. आईला कुणी विचारलं नाही. आईही काही दिवसांनी बारकीच म्हणायला लागली.

शाळेत मात्र हजेरीला खरं नाव. गुरुजी नाव घ्यायचे आणि मी इकडंतिकडं बघायची, कोण ही पोरगी. मग हळूहळू सवय झाली. सकाळी शाळेत गेलं की मी ती असायची, दुपारी घरी आलं की बारकी. चौथीनंतर वकीलसाहेबांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकीसाहेब म्हणायचो, आईला सांगितलं की आता बास, पोरीला हाताखाली घे. शाळा संपली तसं ते नावही संपलं. त्यानंतर त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. इथंही मी ते लिहीत नाही. ते आता मला परकं झालं आहे, आणि बारकी हे माझं नव्हतंच.

सर इंग्रजी शाळेत गेले. अभ्यास करताना मला समोर बसवून घ्यायचे, मास्तर-मास्तर खेळायला. ते मास्तर. मी कायम वर्ग. आमच्या आईचं न्हाय, व्हय, हितं, तितं ऐकून घरातली पोरं वेडावायची. पाहुणे आले की काकीसाहेब आईला गमतीनं बोलतं करायच्या. आई बोलायची, पाहुणे हसायचे, आईही हसायची. पुढं पुढं आई पाहुण्यांसमोर बोलायचीच बंद झाली. मेंढरांना हाकारायचे तिच्याकडं वेगवेगळे आवाज होते म्हणे. मी एकही ऐकला नाही.

माझं लग्न करकंबला करून दिलं. मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली. काकीसाहेबांनी निरोप पाठवला, ये परत, घर तुझंच आहे. मी आले. त्याच खोलीत. काकीसाहेब वाईट नव्हत्या, हे मी लिहून ठेवते. दिवाळीला चांगलं लुगडं द्यायच्या. आजारी पडले तर डॉक्टर आणायच्या. देवघराची पायरी सोडली तर सगळं घर मी पुसलं आणि सगळ्या घरानं मला आपली म्हटलं. बाजारात कुणी विचारलं, कुणाची गं तू, की मी मान वर करून सांगायची, वकिलांची.

त्या रविवारनंतर मला झोप लागेना. एके सकाळी सरांना म्हटलं, आज मी नाही, डबा करून ठेवला आहे. ते पेपर वाचत होते. कुठं चाललीस, असं त्यांनी विचारलं नाही. करकंबहून परत आल्यापासून मी कुठं गेलेच नव्हते, त्यामुळं विचारायची सवय नसेल.

एसटीनं सांगोला गाठलं. तिथून वडापच्या जीपनं आईच्या गावी. आयुष्यात पहिल्यांदा. सर शब्दांची मुळं शोधतात, म्हटलं आपण आपलं बघावं. उन्हानं भाजलेला माळ. बाभळी. देवळाच्या ओट्यावर म्हाताऱ्या बायका बसलेल्या. मी जाऊन त्यांच्यात टेकले. त्यांनी पाणी दिलं. मी आईचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. एकमेकींना विचारून झालं. कुणाला काही आठवेना. त्या घरातली माणसं मेंढरं घेऊन लांब कुठं तरी गेली, ती परत आलीच नाहीत, असं एकीला अंधुक आठवत होतं. मामा असतील ते. नसतीलही.

मग त्यातली सगळ्यात थकलेली म्हातारी जवळ सरकली. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघत म्हणाली,

"पर तू कुनाची म्हनायची, बाई?"

माझ्या ओठांवर आलं होतं. वकिलांची. आईच्या गावात, आईच्या माणसांत, माझ्या तोंडात तेच एक उत्तर तयार होतं. मी तोंड दाबून धरलं. म्हातारीला वाटलं, बाईला रडू आलं. तिनं पाठीवरून हात फिरवला. रडू नव्हतं ते. भीती होती. एवढी वर्षं जगून माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतं.

संध्याकाळच्या जीपनं मी परत फिरले.

पुढच्या आठवड्यात सर खुशीत होते. त्यांचं शब्दांवरचं पुस्तक छापून झालं होतं. मोठ्या सभागृहात प्रकाशन ठरलं होतं. मला समोर बसवून म्हणाले, त्या दिवशी स्टेजवर तुझा सत्कार करायचा. साडी, श्रीफळ, फोटो. त्या शब्दावरचा लेख मी वाचून दाखवणार आणि मग तुला स्टेजवर बोलावणार. लोकांना फार आवडेल.

मी विचारलं, "मी नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं उभं राहायचं. बोलायची काही गरज नाही."

मी जरा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यात काही वाकडं नव्हतं. लहानपणी वर्गापुढं उभे राहायचे तेव्हा असाच चेहरा असायचा.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"त्या घरात जन्मलेल्यांची नावं कोण ठेवायचं?"

ते एकदम खुलले. चष्मा काढला. "चांगला प्रश्न विचारलास. मालक ठेवायचा. बापाचं नाव लावायचा प्रश्नच नव्हता. कायद्यानं त्यांना बापच नसायचा."

"आनि म्हातारे झाल्यावर?"

"काही मालक मोकळं करायचे. काही ठेवून घ्यायचे, मरेपर्यंत. चांगले मालक सांभाळायचे."

"आपणहून जाता यायचं न्हाय?"

"छे. पळून गेला तर धरून आणायचे. शिक्षा व्हायची."

"मला धरायला कुणी येनार न्हाय न्हवं?"

सर हसले. "तुला कोण धरणार, बारके?"

"मग मी निघते."

"कुठं?"

"हितनं. या घरातनं."

त्यांना ते कळायला वेळ लागला. चष्मा परत घातला. मग म्हणाले, अगं, चिडलीस काय. मी कौतुक केलं तुझं. मी म्हटलं, व्हय, कौतुकच केलं. ते म्हणाले, घरच्या माणसानं असं मनाला लावून घ्यायचं नसतं. मग त्यांचा आवाज बदलला. तो दरडावणीचा नव्हता. घाबरलेला होता.

"या वयात जाशील कुठं? कोण आहे तुला?"

"कुनी न्हाय."

"मग?"

"मग काय. न्हाय तर न्हाय."

त्यांच्या गोळ्या कुठं आहेत ते दाखवलं. दूधवाल्याला काय सांगायचं ते सांगितलं. सर खुर्चीत बसून होते. आम्ही दोघं एकाच वयाचे, दोघंही एकटे. त्या क्षणी मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण दया आली म्हणून थांबायचं, हेच तर आम्ही दोन पिढ्या करत आलो होतो. आई काकीसाहेबांची दया आली म्हणून थांबली, मी सरांची. त्यांना कधी आमच्यासाठी काही सोडावं लागलं नाही.

मी पूर्व भागात पत्र्याची एक खोली बघितली. त्या कॉलेजातल्या बाईनं मालकाशी बोलून दिली, त्यापलीकडं मी तिच्याकडून काही घेतलं नाही. गल्लीत सगळीकडं यंत्रमागांचा खडखडाट. बाया तेलुगूत बोलतात. मला कळत नाही. माझ्याशी बोलायचं झालं तर मराठीत बोलतात, पण माझ्याशी बोलायचं त्यांना कारण काय. कारखान्यातून टॉवेल येतात, त्यांचे सुटलेले धागे कापते, घड्या घालते. डोळे दुखतात. दुपारी माग बंद पडले की गल्ली एकदम शांत होते, आणि मग कानात नुसता आपला श्वास ऐकू येतो. आठ-आठ दिवस मला कुणी हाक मारत नाही. कुठल्याच नावानं नाही. एकदा मी स्वतःशीच मोठ्यानं बोलले, आपला आवाज अजून आहे का ते बघायला. शेजारच्या पोरीनं डोकावून बघितलं आणि परत गेली.

हे सुख आहे असं मी म्हणणार नाही. बंगल्यात पंखा होता. तुळशीपाशी बसायला जागा होती. सर ओरडायचे तरी कुणीतरी ओरडत होतं. कधी कधी पहाटे जाग येते आणि पाय आपोआप चहा ठेवायला उठतात, दोन कपांचा. मग आठवतं. परत आडवी होते.

गेल्या आठवड्यात ती कॉलेजातली बाई आली होती. प्रकाशन झालं म्हणाली. सरांनी तो लेख वाचला. माझ्याबद्दल लोकांना सांगितलं की ती गावाला गेली आहे, काही दिवसांसाठी. मग तिनं त्यांचा निरोप सांगितला. खोली तशीच ठेवली आहे. काम करू नकोस, नुसती येऊन राहा. शेवटपर्यंत मी सांभाळीन.

"मावशी, खरंच एकटे पडलेत ते," ती म्हणाली.

मी टॉवेलची घडी पुरी केली. म्हटलं, त्यांना सांग, मीबी पडले.

ती म्हणाली, मग जा ना. निदान दोघं तरी राहाल.

ती चांगली पोर आहे. तिला समजवायला मला शब्द सापडेनात. सरांकडं मोठमोठी पुस्तकं आहेत, त्यांत प्रत्येक शब्दाचं मूळ आहे. पण जिला कुणीतरी ठेवलं, सांभाळलं, नाव दिलं आणि शेवटी मोकळं करायचं की नाही तेही त्यानंच ठरवलं, तिनं आपणहून उंबरा ओलांडला, तर तिला काय म्हणायचं, ते त्यांत लिहिलेलं नसणार. मला ते नकोही आहे. कुणी नाव ठेवलं नाही तरी चालेल.

मी तिला एवढंच सांगितलं. माझी आई त्या खोलीत मेली. तिला न्यायची वेळ झाली तेव्हा पुढच्या हॉलमध्ये पाहुणे बसले होते. मागचं दार अरुंद होतं, ताटी तिरकी करून काढली. काकीसाहेब रडल्या. खरंच रडल्या. म्हणाल्या, घरचं माणूस गेलं.

जन्म कुठं व्हावा, हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते झालं ते झालं. पण आता मी दुखणं या पत्र्याखाली काढीन. कण्हले तर एकटी कण्हेन. मेले तर गल्लीतले नेतील. नाही नेलं तर महापालिकेची गाडी येईल, बेवारस म्हणून लिहील आणि नेईल. लिहू दे. त्या घराच्या मागच्या दारातून मी निघणार नाही.